मोडेम कंपनीचा, राउटर आपला: नागपुरातल्या घरात ओपनडब्ल्यूआरटी बसवण्याचा अनुभव

घरातले इंटरनेट नीट लावून घेण्याचे, म्हणजे स्वतःच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे खुले फर्मवेअर (राउटर चालवणारी आतली प्रणाली) बसवण्याचे काम मी मार्च २०२५ मध्ये हाती घेतले आणि जूनच्या अखेरीस ते पूर्ण झाले. त्यात तांत्रिक भाग जितका होता, जवळजवळ तितकाच अर्जांचा आणि वाट पाहण्याचा होता. या विषयावर मराठीत सलग वाचायला फारसे मिळाले नाही, म्हणून जे ज्या क्रमाने घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे. मी संगणक अभियंता नाही. नागपुरात दक्षिण-पश्चिम भागात आमचे जुने दुमजली घर आहे आणि मी घरूनच काही लहान व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करते. सासरे हृदयरुग्ण असल्याने त्यांचे डॉक्टरांशी बोलणेही पुष्कळदा व्हिडिओ कॉलवरच होते.

आमच्याकडे १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. जोडणी देताना कंपनीच्या माणसाने भिंतीवर एकच डबा लावला होता. फायबरचा प्रकाश घेणारे यंत्र आणि वायफाय राउटर, दोन्ही त्यातच होते. वेगाबद्दल माझी तक्रार नव्हती. तपासणीत ९५च्या आसपास आकडा नेहमी दिसे. अडचण अशी की मुलीने महाविद्यालयाचा मोठा प्रकल्प अपलोड करायला घेतला की त्याच वेळी चाललेला सासऱ्यांचा कॉल तुटत असे आणि माझे पोर्टल मधेच थांबत असे. डब्याच्या सेटिंगमध्ये शिरले तर पासवर्ड बदलणे आणि वायफायचे नाव बदलणे यापलीकडे काहीही दिसत नव्हते, कारण बाकीचे सगळे कंपनीच्या पासवर्डमागे बंद होते. त्याहून मला अस्वस्थ करणारी बाब म्हणजे डब्यातल्या फर्मवेअरची तारीख अनेक वर्षांपूर्वीची होती. लोकांची करविषयक कागदपत्रे ज्या वाटेने जातात, त्या वाटेवरचे यंत्र इतकी वर्षे सुरक्षेच्या दुरुस्तीविना चालावे, हे मला पटत नव्हते. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले कॅमेरे आणि घरगुती राउटर केवळ कारखान्यातून आलेल्या पासवर्डांच्या आधारे ताब्यात घेतले होते. हा धोका कागदावरचा नाही.

‘चांगला मोडेम-राउटर घ्यायचा’ एवढेच सुरुवातीला माझ्या मनात होते. पहिला आठवडा हे समजण्यात गेला की या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांच्यातली एकच आपल्या निवडीची आहे. पूर्वी तांब्याच्या टेलिफोन तारेवरून एडीएसएल पद्धतीचे इंटरनेट येत असे, तेव्हा बाजारातला कोणताही मोडेम आणून त्यात कंपनीने दिलेले आकडे भरले की काम होत असे. फायबरचे तसे नाही. आपल्याकडच्या घरगुती जोडण्या बहुतांशी जीपॉन पद्धतीच्या असतात. कंपनीच्या केंद्रातल्या ओएलटी नावाच्या यंत्रातून एक धागा निघतो, वाटेत स्प्लिटरने त्याचे ३२ किंवा ६४ भाग होतात आणि त्यातला एक आपल्या घरी येतो. केंद्राकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो. जाणाऱ्या प्रकाशासाठी प्रत्येक घराला वेळेचे तुकडे वाटून दिलेले असतात. घरातल्या यंत्राने, म्हणजे ओएनटीने, आपल्या वेळेबाहेर प्रकाश सोडला तर त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या शेजाऱ्यांची जोडणी बिघडते. म्हणूनच ओएनटीचा अनुक्रमांक ओएलटीत नोंदवलेला असावा लागतो आणि कंपन्या बाहेरचे यंत्र सहजासहजी जोडू देत नाहीत. हे कारण कळल्यावर ओएनटी बदलण्याचा विचार मी सोडून दिला. दुसऱ्या यंत्रावर आपल्या ओएनटीचा अनुक्रमांक चढवण्याच्या युक्त्या वाचायला मिळतात. पण त्या बहुधा कराराच्या विरुद्ध असतात आणि शेजाऱ्यांना त्रास देऊ शकतात, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. ओएनटीतल्या चिपांची माहिती निर्माते खुली करत नाहीत, त्यामुळे त्यावर पर्यायी फर्मवेअर चढवण्याचा प्रश्नही व्यवहारात उद्भवत नाही.

विजेचा मीटर महावितरणचा आणि घरातली वायरिंग आपली, अशीच विभागणी इथेही करता येते. ओएनटीला ‘ब्रिज मोड’मध्ये टाकले की तो फक्त प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो आणि आलेला डेटा जसाच्या तसा पुढे देतो. लॉगिन, पत्तेवाटप, फायरवॉल, वायफाय ही बाकीची सगळी कामे आपल्या राउटरकडे येतात. एवढी रचना डोक्यात पक्की बसली की पुढचे सगळे प्रश्न सोपे होतात, म्हणून यावर मी इतके लिहिले.

या टप्प्यावरच एक गोष्ट तपासून घ्यावी, ती म्हणजे ओएनटीपर्यंत येणाऱ्या प्रकाशाची शक्ती. आमच्या डब्याच्या माहिती-पानावर ती उणे २१ डीबीएम दिसत होती. नेहमीच्या जीपॉन यंत्रांना साधारण उणे ८ ते उणे २७ या मर्यादेतला प्रकाश चालतो. आकडा उणे २७च्या जवळ गेला असेल तर दोष तारेत, जोडात किंवा स्प्लिटरवर आहे आणि राउटर कितीही चांगला आणला तरी तो दूर होणार नाही. तसे असेल तर आधी कंपनीकडून तार दुरुस्त करून घ्यावी. हिरव्या टोकाचा जोड निळ्या टोकाच्या जोडाला लावलेला असेल तरीही प्रकाश वाया जातो, कारण दोन्हींच्या टोकांचा तिरपेपणा वेगळा असतो. हे नुसत्या डोळ्यांनी पाहून कळते. मात्र फायबरच्या उघड्या टोकात कधीही डोकावू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपायकारक असू शकतो.

फर्मवेअर निवडायला फार वेळ लागला नाही. २००३ साली लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स ही खुली प्रणाली असल्याचे उघड झाले आणि तिच्या जीपीएल या परवान्याच्या अटीमुळे कंपनीला त्याचा स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्राम, प्रसिद्ध करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झाले आणि त्याच्या नावातली शेवटची अक्षरे त्या राउटरचीच आहेत. मधल्या काळात २०१६ मध्ये काही विकासक लीड या नावाने वेगळे झाले आणि २०१८ मध्ये दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. डीडी-डब्ल्यूआरटी आणि फ्रेशटोमॅटो हे पर्यायही मी पाहिले, पण फ्रेशटोमॅटो फक्त ब्रॉडकॉम चिपांवर चालते. नियमित आवृत्त्या, स्पष्ट कागदपत्रे आणि पॅकेज हवे तसे जोडण्याची सोय यांमुळे मी ओपनडब्ल्यूआरटीवर थांबले. २४.१० ही त्याची नवी मालिका फेब्रुवारी २०२५ मध्येच आली होती. त्याच्या ल्युसी या वेब-पडद्यासाठी मराठी भाषेचे पॅकेजही आहे. काही पाने त्यात इंग्रजीतच राहतात, तरीही घरातल्या इतरांना दाखवताना त्याचा मला उपयोग झाला.

राउटरची निवड मात्र बारकाईने करावी लागते. दुकानातल्या खोक्यावर अँटेनांची संख्या आणि ‘एसी १२००’ असे मोठे आकडे छापलेले असतात. पर्यायी फर्मवेअरसाठी त्यांचा उपयोग नाही. आपल्याला पाहायचे असते ते आत कोणती चिप आहे, फ्लॅश (फर्मवेअर साठवण्याची जागा) किती आहे आणि रॅम (चालताना लागणारी स्मृती) किती आहे. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या यंत्रांना ओपनडब्ल्यूआरटीने केव्हाच निरोप दिला आहे. ८ आणि ६४ची यंत्रेही आता अपुरी पडतात. आज घेताना किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम हवी. चिपांमध्ये ब्रॉडकॉमच्या वायफायसाठी खुले ड्रायव्हर नीटसे नाहीत, म्हणून ती यंत्रे मी बाजूला ठेवली. मीडियाटेकचे ड्रायव्हर खुले आहेत आणि त्यांच्यावर सतत काम चालू असते. त्यांतली एमटी७६२१ ही ८८० मेगाहर्ट्झची दोन गाभ्यांची जुनी चिप आहे, तर एमटी७९८१ ही १.३ गिगाहर्ट्झची, वायफाय ६ देणारी नवी चिप आहे.

मला हवा असलेला मुख्य गुण म्हणजे एसक्यूएम. एकाने अपलोड सुरू केले की इतरांचे कॉल तुटतात, याचे कारण बहुधा वेग कमी असणे हे नसते. वाटेतल्या यंत्राच्या रांगेत डेटा साचून राहणे हे असते. एसक्यूएम ती रांग आपल्या राउटरमध्ये, आपल्या नियंत्रणाखाली आणते आणि सर्वांना वाटा देते. त्यासाठी प्रोसेसरला बरीच मेहनत पडते आणि एसक्यूएम चालू असताना चिपमधली वेग वाढवणारी हार्डवेअर सोय वापरता येत नाही. १०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला एमटी७६२१ पुरते. ३०० किंवा त्याहून मोठी जोडणी असेल तर एमटी७९८१ किंवा त्यावरची चिप घ्यावी असे मी सुचवेन. ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाचा स्वतःचा ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ हा राउटर २०२४ च्या अखेरीस आला. त्यात १ जीबी रॅम आहे आणि तो मनात भरला होता. पण परदेशातून वायरलेस उपकरण मागवायचे म्हणजे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची प्रकार-मान्यता, सीमाशुल्क आणि बिघाड झाल्यास परत पाठवण्याचा प्रश्न, हे सगळे आले. घरच्या कामासाठी मला ते नको होते.

शेवटी टीपी-लिंकचा आर्चर सी६ हा साधा, बाजारात सहज मिळणारा राउटर ठरवला, मात्र तिसऱ्या आवृत्तीचाच. ही आवृत्तीची अट या सगळ्या लेखातली कदाचित सर्वांत उपयोगी सूचना आहे. एकाच नावाखाली आतले सामान पूर्ण बदललेले असते: याच सी६ च्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे आणि तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेकची, त्यामुळे दोघांच्या फर्मवेअर फायली वेगळ्या आहेत. ऑनलाइन विक्रेता कोणती आवृत्ती पाठवेल याची खात्री देत नव्हता, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी सीताबर्डीला गेले. तिथल्या संगणक सामानाच्या दुकानांत खोके हातात घेऊन पाहता येते आणि खोक्यावरच्या स्टिकरवर मॉडेलच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा छापलेला असतो. पहिल्या काही दुकानांत मला हवी ती आवृत्ती नव्हती. एका दुकानदारांनी मात्र माझी अट ऐकून घेतली, आतून तीन-चार खोके आणून समोर ठेवले आणि म्हणाले, “ताई, घाई नका करू, सगळे वाचून पाहा. नंतर वापस करायला येण्यापेक्षा आत्ताच पाहून घेतलेलं बरं.” राउटर २,७९९ रुपयांना मिळाला. जीएसटीचे पक्के बिल घेतले आणि त्यावर आवृत्ती व अनुक्रमांक लिहून घेतला. फर्मवेअर बदलल्यावर निर्माता वॉरंटी नाकारू शकतो हे गृहीत धरावे, आणि मूळ फर्मवेअरची फाइल त्यांच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवावी.

तिथेच वरच्या मजल्यापर्यंत नेण्यासाठी २५ मीटर कॅट ६ तार २८ रुपये मीटरने घेतली. स्वस्त तारेत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. अशी तार वाकवताना तुटते आणि लांब अंतरावर त्रास देते. ‘पूर्ण तांब्याची’ असे स्पष्ट विचारावे आणि टोक खरवडून पाहावे. आतून पांढरे दिसले तर ती घेऊ नये.

आता ब्रिज मोडची गोष्ट, आणि माझा सर्वाधिक वेळ यातच गेला. मार्चच्या अखेरीस मी कंपनीच्या स्थानिक कार्यालयात तोंडी विचारले होते, तेव्हा असे काही करता येत नाही, असे उत्तर मिळाले. ही मागणी मान्य करावीच असा कंपनीवर सर्वसाधारण कायदेशीर दंडक नाही, ती सेवाशर्तींवर अवलंबून असते, म्हणून मी करार काढून वाचला. त्यात ग्राहकाच्या स्वतःच्या राउटरला मनाई नव्हती. मग लेखी अर्ज केला. त्यात ग्राहक क्रमांक, ओएनटीचा अनुक्रमांक, नव्या राउटरच्या वॅन पोर्टचा (ओएनटीकडून येणारी तार जिथे लागते त्याचा) मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळख-क्रमांक, आणि चार विनंत्या लिहिल्या. ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकावा. पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याच्या पद्धतीचे, वापरकर्ता नाव आणि पासवर्ड लेखी द्यावेत. व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरची वेगवेगळी वाहतूक ओळखणारा आकडा) काय आणि तो ओएनटी लावतो की राउटरने लावायचा, हे कळवावे. आणि डब्याला जोडलेला लँडलाइन फोन आहे तसाच चालू ठेवावा, म्हणजे फोनच्या पोर्टचे सेटिंग हलवू नये. ही शेवटची विनंती सासऱ्यांसाठी फार महत्त्वाची होती, कारण त्यांचे सगळे समवयस्क लँडलाइनवरच फोन करतात. ओळखपत्र म्हणून आधारची प्रत मागितली तेव्हा पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत दिली आणि तिच्यावर ‘केवळ ब्रिज मोड अर्जासाठी’ असे लिहून सही केली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. ही पोच नंतर सर्वांत कामाची ठरली, तेव्हा कोणी कितीही आढेवेढे घेतले तरी ती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

एप्रिलच्या मध्यापर्यंत काहीच उत्तर आले नाही. मग ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घेतला. काही दिवसांनी मोबाइलवर संदेश आला की तक्रार निकाली काढली आहे, प्रत्यक्षात कोणी फोनही केला नव्हता. त्या दिवशी मला फार हताश वाटले. आपली मागणी अवाजवी तर नाही ना, दिले आहे त्यावरच भागवावे का, असे विचार मनात येत राहिले, आणि घरच्यांनी ‘इतका काय अट्टाहास’ असे विचारल्यावर उत्तर देणेही जड गेले. पण ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक दूरसंचार कंपनीला दोन पायऱ्यांची व्यवस्था ठेवावी लागते: पहिली तक्रार केंद्राची आणि दुसरी अपील प्राधिकरणाची. तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत अपील करता येते, त्याला शुल्क नसते आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा लागतो. अपील अधिकाऱ्याचा ईमेल पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असावाच लागतो. मी डॉकेट क्रमांक, शिक्क्याच्या अर्जाचे छायाचित्र आणि कराराचे संबंधित पान जोडून अपील पाठवले. भाषा अगदी साधी ठेवली: काय मागितले, केव्हा मागितले, काय उत्तर आले, एवढेच.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कार्यालयातून फोन आला आणि तंत्रज्ञ येईल असे सांगण्यात आले. भेटीचे ३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ३५४ रुपये भरायला सांगितले, ते पावती घेऊन भरले. आलेला तरुण तंत्रज्ञ मनापासून काम करणारा होता. त्याने आधीच बजावले, “ताई, एकदा का ब्रिज मोड केला, तर मग वायफायची तक्रार आमच्याकडे नाही चालणार बरं. ते तुमचं तुम्हालाच पाहा लागते.” मला ते मान्य होते, कारण तीच तर विभागणी मला हवी होती. त्याने पीपीपीओईचे तपशील कागदावर लिहून दिले आणि व्हीलॅन ओएनटीच लावेल, राउटरमध्ये काही भरायचे नाही, हे स्पष्ट केले. माझ्या विनंतीवरून त्याने ब्रिज मोड लगेच न करता २४ मे, शनिवार हा दिवस ठरवला. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी या विवरणपत्रांची मुदत असते. २० तारीख उलटल्यावर माझ्याकडे थोडी उसंत असते आणि एखादा दिवस इंटरनेट बंद राहिले तरी कोणाचा दंड भरायची वेळ येत नाही. घरून काम करणाऱ्यांनी असा दिवस आपल्या कामाचे चक्र पाहूनच निवडावा.

राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी चढवण्याचे काम मी त्या दिवसाची वाट न पाहता आधीच करून ठेवले, कारण जुना डबा तोवर चालूच होता. ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर-निवड पानावर मॉडेल आणि आवृत्ती लिहिली की फायली मिळतात. त्यांतली ‘फॅक्टरी’ नावाची फाइल कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना वापरायची असते आणि ‘सिसअपग्रेड’ नावाची पुढच्या अद्ययावतीकरणासाठी असते. त्याच पानावर हवी ती पॅकेजे आधीच समाविष्ट करून फाइल तयार करून घेता येते. मी एसक्यूएम आणि मराठी भाषा अशी दोन पॅकेजे घातली. उतरवलेल्या फाइलचा एसएचए२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा) पानावरच्या आकड्याशी जुळवून पाहिला. काही बिघडल्यास राउटर पूर्ववत कसा करायचा, हे त्या मॉडेलच्या पानावर दिलेले असते; ते वाचून कागदावर उतरवून ठेवले. त्यानंतर लॅपटॉपचे वायफाय बंद करून तार थेट राउटरला जोडली, राउटरची वीज इन्व्हर्टरच्या बोर्डावर घेतली आणि मूळ पडद्यावरच्या फर्मवेअर अपग्रेडच्या जागी ती फाइल दिली. पुढची काही मिनिटे हात लावायचा नसतो. दिवे विझतात, पुन्हा लागतात, लुकलुकतात. माझ्या छातीत धडधडत होते हे खरे, पण थोड्या वेळाने १९२.१६८.१.१ या पत्त्यावर ल्युसीचे पान उघडले.

नवख्याला गोंधळात टाकतील अशा दोन गोष्टी इथे आहेत. पहिली, २४.१० मध्ये वायफाय सुरुवातीला बंद असते आणि पासवर्डही नसतो, त्यामुळे तारेनेच आत जाऊन सर्वांत आधी पासवर्ड ठेवावा. दुसरी, बहुतेक ओएनटींचा पत्ताही १९२.१६८.१.१ हाच असतो. दोघांचा पत्ता एक राहिला तर पुढे ओएनटीच्या पानावर प्रकाशाची शक्ती पाहायला जाता येत नाही. म्हणून मी राउटरचा लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या जाळ्यातला पत्ता, १९२.१६८.१०.१ असा बदलला.

२४ तारखेला तंत्रज्ञाने ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकला आणि त्याचे वायफाय बंद केले. आमच्या डब्यात चारपैकी फक्त पहिले पोर्ट ब्रिजला जोडलेले आहे, म्हणून त्यावर लगेच चिठ्ठी चिकटवली. राउटरमध्ये वॅनची पद्धत पीपीपीओई निवडून नाव आणि पासवर्ड भरला, पण लॉगिन होईना. जुन्या डब्याचे सत्र केंद्राच्या यंत्रात अजून उघडे होते आणि खाते जुन्या मॅक पत्त्याला बांधलेले होते. तंत्रज्ञाने केंद्राला फोन करून दोन्ही मोकळे करून घेतले, आणि चहा होईपर्यंत जोडणी लागली. हे काम तंत्रज्ञ घरात असतानाच पूर्ण करून घ्यावे. तो गेल्यावर हीच गोष्ट फोनवरून समजावणे फार कठीण जाते. लँडलाइन चालू आहे हेही त्याच्यासमोरच तपासले. एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाच्या तुकड्याची कमाल लांबी, नेहमीच्या १५०० बाइटांतून पीपीपीओईच्या वेष्टनाचे ८ बाइट वजा होऊन १४९२ होतो आणि तो राउटरने स्वतःच घेतला. वॅनचा पत्ता १०० या आकड्याने सुरू होऊन पुढे ६४ ते १२७ मधला आकडा असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. बाहेरून घरातला कॅमेरा किंवा संगणक थेट गाठायचा असेल तरच त्याची अडचण होते. आम्हाला ती गरज नव्हती, म्हणून वेगळ्या पत्त्याचे वार्षिक शुल्क भरले नाही.

वायफाय चालू करताना देश म्हणून भारत निवडावा. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त झाला आहे आणि देश नीट निवडला तरच राउटर त्यातल्या वाहिन्या आणि शक्तीची मर्यादा योग्य पाळतो. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. आजूबाजूच्या घरांची गर्दी पाहून मी ११ घेतली.

त्यानंतर एसक्यूएम. तारेने जोडलेल्या संगणकावर मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के आकडा दोन्ही दिशांना भरला आणि ‘केक’ ही पद्धत निवडली. बदलापूर्वी अपलोड चालू असताना पिंग (समोरून उत्तर यायला लागणारा वेळ) दहा-बारा मिलिसेकंदांवरून तीनशेच्या वर जात असे. आता तेच अपलोड चालू असताना तो वीसच्या आसपास राहतो. त्याच संध्याकाळी मुलगी फाइल चढवत असताना सासऱ्यांचा पुण्याच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल अखंड चालला. वेगतपासणीचा आकडा थोडा कमी दिसतो, पण घरात कोणालाही तो जाणवलेला नाही.

जागेबद्दल नागपूरकरांसाठी वेगळे लिहिणे आवश्यक आहे. बहुतेक घरगुती राउटरांना ४० अंशांपर्यंतचेच तापमान चालते, असे त्यांच्या कागदावर लिहिलेले असते. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे बाहेर ४४-४५ अंश असते आणि स्लॅबखालच्या वरच्या खोलीत दुपारी ४० ओलांडते. म्हणून राउटर खालच्या मजल्यावर, मधल्या पॅसेजमध्ये, भिंतीपासून थोडा सुटा आणि कूलरच्या झोतापासून दूर लावला, कारण कूलरची ओल पोर्टांच्या धातूच्या पट्ट्यांना लवकर गंज चढवते. वरच्या मजल्यावर एक वेगळा जुना राउटर तारेने जोडून फक्त वायफाय देण्यासाठी ठेवला. आमच्या विटांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ नीट जात नाही. उन्हाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर जातानाचा क्षणभराचा खंडही राउटर पुन्हा सुरू करायला पुरेसा होतो, म्हणून दोन तोंडांचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस १,४५० रुपयांना घेतला. ओएनटी आणि राउटर दोघांच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि ध्रुवाची खूण यूपीएसशी जुळवूनच तो घ्यावा.

जूनच्या अखेरीस २४.१०.२ आली. आधी ल्युसीतून सगळ्या सेटिंगची बॅकअप फाइल उतरवली, मग निवड-पानावरून तीच दोन पॅकेजे घालून सिसअपग्रेड फाइल तयार केली आणि ‘सेटिंग जपा’ ही खूण ठेवून ती चढवली. काही मिनिटांत सगळे पूर्वीसारखे चालू झाले. तीन महिन्यांतला एकूण खर्च राउटर, तार, कंपनीची भेट आणि यूपीएस मिळून ५,३०३ रुपये झाला.

ओएनटी अजूनही कंपनीचाच आहे आणि जोडणी घेताना भरलेली १,५०० रुपयांची अनामत त्यावरच आहे. उद्या कंपनी बदलली तर तो मूळ ॲडॅप्टरसह परत करून पोच घ्यावी लागेल, म्हणून त्याचा ॲडॅप्टर, अनामतीची पावती, भेटीची पावती, पीपीपीओईचा कागद आणि शिक्क्याचा अर्ज एकाच पाकिटात घालून वीज बिलांच्या फाइलमध्ये ठेवले आहे. राउटरची बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर त्याच पाकिटात आहे.